हद्दीवरची हरकत

दुर्बिणीला डोळा लावला आणि तिचं डोकंच फिरलं. रस्त्याच्या त्या टोकाला, बरोबर तिच्या रेषेत, आणखी एक मोजणीवाली उभी होती! तसंच पिवळं यंत्र, तशीच तिपाई, डोक्यावर तशीच तिरकी झालेली टोपी... म्हणजे साहेबांनी तिच्यावर भरवसा न ठेवता मागून दुसरी पाठवली होती तर. आणि पाठवली तीही कसली, तर अशी आंबट तोंडाची!

"ओ बाई, व्हा बाजूला!" ती हात हलवून ओरडली. त्या बाईनेही हात हलवला. तोंडही उघडलं, पण आवाज काही आला नाही.

मग ती बाई जागच्या जागी डुलली, तिच्या खालून भलतेच दोन पाय दिसले, आणि हिच्या लक्षात आलं. आरसा होता तो. कपाटाच्या दाराला लावतात तसला माणसाएवढा आरसा, आणि त्याच्यामागे दडून कुणीतरी तो रस्त्यापलीकडे नेत होतं. पुढच्याच क्षणी आरसा कलला, ऊन थेट तिच्यावर आलं आणि ती "आई गं!" करत मागे झाली.

"डोळा गेला असता माझा!"

आरशाच्या कडेने आधी विस्कटलेले केस आले, मग भुवया, मग एक हसू... "गेला नाही ना पण? दोन्ही आहेत. मी बघतोय की."

"भर रस्त्यात आरसा घेऊन फिरतात का?"

"काचेचं दुकान आहे माझं. आरसाच घेऊन फिरणार. तुम्ही कॅमेरा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहता, ते चालतं?"

"कॅमेरा नाही हा!" हे वाक्य तिला नोकरीला लागल्यापासून रोज म्हणावं लागत होतं. "मोजणी चाललीय इथे. तुम्ही रेषेत उभे आहात. हला!"

"हलतो..." तो म्हणाला, पण हलला नाही. "एक सांगू? या आरशात खूप जण डोकावून जातात. केस नीट करतात, हसून बघतात. आरशालाच दम देणारं गिऱ्हाईक आजच पाहिलं."

काठी धरून उभे असलेले तिचे मदतनीस, ज्यांना सगळं ऑफिस काठीकाका म्हणायचं, ते फस्सकन हसले. तिने त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि त्यांचं हसू जागीच आटलं. काचवाला मात्र शिट्टी वाजवत निघून गेला. जाताना आरशातलं ऊन समोरच्या भिंतीवरून नाचवत गेला, हे तिने मुळीच पाहिलं नाही. निदान घरी वहिनीला तिने तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा विभागात तोच माणूस खुर्चीत बसलेला होता. स्वच्छ शर्ट, केस बसवलेले, छातीवर समितीचा बिल्ला.

"हे पलीकडच्या समितीचे प्रतिनिधी," साहेब म्हणाले. "उद्यापासून हद्दीची संयुक्त मोजणी. तुम्ही दोघं."

"आमची ओळख आहे," काचवाला म्हणाला.

"नाही," ती म्हणाली.

रेल्वेमार्गाच्या फाटकापलीकडचा सगळा भाग गेली पंधरा वर्षं म्हणत होता, आम्हाला तुमच्या शहरात राहायचं नाही, आमचं शहर वेगळं करा. कर शहर घेणार, रस्ते शहर करणार नाही. पाणी एक दिवसाआड. आणि सगळ्यात मोठं गाऱ्हाणं म्हणजे, एवढी वस्ती असून तिकडे साधं प्रसूतिगृह नव्हतं. समितीच्या अध्यक्ष होत्या एक निवृत्त नर्सबाई. काचवाल्याची सख्खी आत्या. त्यामुळे अख्खा भागच त्यांना आत्या म्हणायचा. आत्यांनी दोनदा मागणी वरपर्यंत नेली होती आणि दोनदा ती परत आली होती. आता तिसरी आणि शेवटची खेप. सभागृहाचं अधिवेशन संपायच्या आत हद्दीचा नकाशा टेबलावर आला तर ठराव मताला येणार, नाही आला तर मागणी बाद, आणि मग पुढची कित्येक वर्षं तो विषय काढायचीही सोय नाही.

नियम सोपा होता. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बरोबर चालणार. हद्द जिथे वळते तिथे खिळा ठोकायचा, लाल रंग लावायचा, दोघांनी संमती द्यायची, पुढे जायचं. कुणी हरकत घेतली तर तिचा निकाल लागेपर्यंत तिथे खिळा नाही. तिने कामाचा अंदाज बांधला. शहरवाले हरकती घेतील म्हणून थोडी जास्तीची मुदत धरली. पलीकडच्यांची काय हरकत असणार? त्यांना तर वेगळं व्हायचीच घाई.

पहिल्याच खिळ्यावर काचवाल्याने हात वर केला. "हरकत!"

हद्द एका लाँड्रीतून जात होती. गल्ला शहरात, धुलाईयंत्रं पलीकडे. "मळ तुमचा आणि पाणी आमचं? हे कसं चालेल मॅडम?" लाँड्रीवाल्याला काडीचाही फरक पडत नव्हता. पण हरकत ती हरकत. ती लिहून घ्यायची, लाँड्रीवाल्याला विचारायचं, दोन वाटा सुचवायच्या, आणि मग काचवाला तिसरी सुचवणार. यात सकाळ गेली.

मग खेळाचं मैदान आलं. "एक गोल तुमच्यात, एक आमच्यात. म्हणजे मध्यंतरानंतर पोरांनी काय, देश बदलायचा?"

"शहर. देश नाही."

"तुमच्यासाठी नसेल..." तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

मग एक म्हातारं जोडपं आलं. त्यांच्या ओसरीवरून रेषा डावीकडून न्या की उजवीकडून, काही बिघडत नव्हतं. आजोबा म्हणाले, "दोन खुर्च्यांच्या मधून न्या." आजी स्वेटर विणताना मान वर न करता म्हणाल्या, "हो, मधूनच. कधीचे बोलत नाही आम्ही, एकदाचं सरकारी तरी होऊ दे." दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालेलं, खिळा तिच्या हातात. आणि काचवाला म्हणतो, माणुसकीच्या नात्याने हरकत! अख्खी दुपार तो त्या दोघांची समजूत घालत बसला. ती तिपाईशी उभी राहून दात खात होती. संध्याकाळी आजोबांनी आजींना लोकरीचा गुंडा उचलून दिला. तेव्हा त्याने वळून तिच्याकडे असं काही बघितलं, की ती रागवायचीच विसरली. क्षणभरच. मग आठवलं.

"वहिनी, तो माणूस माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय!" घरी आल्याआल्या ती पर्स आदळून म्हणायची. "आज काय म्हणाला माहितीये? म्हणे, या झाडाची सावली सकाळी शहरात आणि संध्याकाळी पलीकडे पडते, तर सावलीची वाटणी कशी करणार!"

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, संध्याकाळी तुम्ही बसा, सकाळी आम्ही बसतो. तर म्हणे, बरोबरच बसलो तर?"

"हं... आणि शर्ट कुठला घातला होता?"

"निळा. बाह्या दुमडलेल्या..." ती थांबली. "मी काय शर्ट बघायला जाते का?"

"छे, छे," वहिनी म्हणाली. "तू मोजायला जातेस."

दादाने वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर आणखी उंच धरलं.

एकदा फाटकाशी काम होतं. ऊन मी म्हणत होतं. उन्हात यंत्र तापलं की आकडे हलतात, म्हणून यंत्रावर छत्री धरावी लागते. काठीकाका काठी घेऊन लांब उभे होते, तेव्हा छत्री काचवाल्याने घेतली. जरा वेळाने यंत्रावर ऊन आणि तिच्या डोक्यावर सावली.

"छत्री यंत्रावर धरा."

"यंत्रावरच आहे."

"माझ्यावर आहे. मी उन्हात चुकत नाही, यंत्र चुकतं."

"यंत्र तक्रार करत नाहीये. तुमचं नाक मात्र लाल झालंय..."

"नाकाचा कामाशी काही संबंध नाही!"

फाटक पडलं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली, भोंगे सुरू झाले, आणि मालगाडी डबा-डबा करत सावकाश जाऊ लागली. तो अगदी जवळ उभा होता. छत्री लहान होती, तिचा काय दोष.

"मी इथेच जन्मलो," तो म्हणाला. "तिथे... त्या खांबाच्या अलीकडे. टॅक्सीत. आई कळा देतेय, आत्या बाळंतपण करतेय, आणि फाटक काही उघडत नाही. टॅक्सीवाल्याने मीटर बंद केलं नव्हतं म्हणे. आत्या अजून त्याला शिव्या देते."

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की तो हसता हसता थांबला होता.

"माझं नशीब चांगलं. सगळ्यांचं नसतं. आत्याने या फाटकावर काय काय पाहिलंय... ते ती सांगत नाही. मागणीचा अर्ज तेवढा पुन्हा पुन्हा लिहिते."

मालगाडी गेली. फाटक उघडलं. तिने दुर्बिणीला डोळा लावला, आकडा टिपला आणि "पुढे चला" म्हणाली. आवाज जरा घोगरा आला. धूळ होती तिथे.

मग एके दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. फारच गोड बोलत होते.

"घाई करू नका हं. शास्त्रशुद्ध होऊ द्या. त्यांचाच माणूस हरकती घेतोय, आपण काय करणार? अधिवेशन उलटलं तर उलटलं. आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही."

ती जागेवर येऊन बसली आणि पहिल्यांदाच उरलेल्या कामाचा नीट हिशेब केला. या चालीने गेलं तर हद्द काही वेळेत पुरी होत नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं शहर बुडवत होता! कशासाठी? सावलीच्या वाटणीसाठी? हे विचारायचंच, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

पण तिथे तिच्या आधी आत्या येऊन उभ्या होत्या. बुटक्या, ताठ, हातात चहाचा थर्मास. चहा त्यांनी फक्त काठीकाकांना दिला.

"मुली, तोंडावर विचारते," आत्या म्हणाल्या. "शहर पगार देतं म्हणून मुद्दाम वेळ काढतेस का?"

"मी?"

"मग कोण? माझा भाचा रोज घरी येऊन सांगतो ना. मॅडम फार काटेकोर आहेत, मॅडमनी आज पुन्हा हरकत काढली, मॅडमना पटत नाही. अगं, पंधरा वर्षं चपला झिजवल्यात मी. तुला एक रेघ ओढायची आहे!"

तिने काचवाल्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. छत्री मिटलेली, हातात घट्ट धरलेली. एका वाक्यात त्याचं पितळ उघडं पाडता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही. पण तो आत्यांकडे अशा काही नजरेने बघत होता, की...

"चुकलं माझं," ती म्हणाली. "वेळ लागला. पण नकाशा वेळेत देते."

आत्या थर्मासचं झाकण फिरवत निघून गेल्या. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती गप्प राहिली. मग मात्र तिचा बांध फुटला.

"का?"

"मॅडम, ऐका ना..."

"मॅडम गेली खड्ड्यात! माझ्या नावावर खपवलंस तू? माझ्या? स्वतःच्या हरकती? आयुष्यात कधी कामात कसूर केली नाही मी, आणि आज चौकात उभं राहून कामचुकार ठरले. का केलंस? तुझ्या आत्याचं पंधरा वर्षांचं काम आहे ते!"

काठीकाका काठी घेऊन आपण होऊन लांब गेले.

"संपलं की तुम्ही जाल," तो म्हणाला. मान खाली. "पहिल्या दिवशी म्हटलं, एकच हरकत घेऊ... उद्याही भेटाल. मग दुसऱ्या दिवशी... तुम्ही शहराच्या नोकरीत. तुमच्या लोकांना हद्दीबाहेर राहायलाही परवानगी नाही म्हणतात. हद्द ठरली की तुम्ही तिकडे, मी इकडे. आणि ती रेघ मीच आखून घेतोय. रोज थोडी थोडी. घरी आत्या विचारायची, अजून का नाही झालं... तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

असं कुणी कधी तिच्यासाठी केलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा, आत कुठेतरी खोल. पण वर सगळा संतापच होता.

"माझ्यासाठी केलं म्हणू नकोस. मला विचारलंस? 'उद्या चहाला येता का?' एवढं एक वाक्य! मी काय नगरपालिकेचं नळकनेक्शन आहे, की अर्ज टाकून वर्षानुवर्षं वाट बघायची? सगळी वस्ती फाटकावर अडकवून ठेवलीस, पण मला विचारायचं तुझ्याच्याने झालं नाही!"

"नाही म्हणाला असतात तर?"

"तर नाही म्हणाले असते! लोक जगतात त्यानंतर!"

तिने श्वास घेतला. "आता नीट ऐक. सगळ्या हरकती मागे घ्यायच्या. आज. नकाशा वेळेत जाणार. आणि आत्यांना खरं तू सांगायचं. तू. मी नाही. ते सांगेपर्यंत मला तुझं तोंडही बघायचं नाही."

"पण... नकाशा पुरा होईपर्यंत बघावं लागेल ना?"

"कामापुरतं!"

मग त्यांनी जे काम केलं, तसं काम त्या विभागात कधी झालं नव्हतं. उजाडताच सुरुवात, अंधारेपर्यंत चालणं. काचवाल्याने दुकानाला कुलूप लावलं. खिळे तोच ठोकायचा, रंग तोच लावायचा, आणि खिळा लागताच "संमती" म्हणायचा, इतक्या घाईने की कधी कधी खिळ्याच्या आधीच. आजोबा-आजींच्या ओसरीऐवजी रेषा मागच्या अंगणातून गेली आणि दोघांनीही मिळून त्याबद्दल कुरकुर केली. एका दुपारी भुरभुर पाऊस आला, तेव्हा त्याने छत्री निमूट यंत्रावर धरली आणि स्वतः भिजला. तीही भिजली. काठीकाकांना दोघांच्या अबोल्याचा इतका ताण आला की ते स्वतःशीच गाणं म्हणायला लागले.

हद्दीची फेरी संपली. आता फक्त आकडे जुळवायचे होते. जिथून निघालो तिथेच परत पोचलो की नाही, हे आकड्यांनीही कबूल करावं लागतं. तिने बेरीज केली. पुन्हा केली. आकडे कबूल करेनात. कागदावर ती निघाली होती एका ठिकाणाहून आणि पोचली होती भलत्याच जागी, थेट पलीकडच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.

तिची फेरी चुकत नसे. कधीच नाही. मग तिने एकेक तुकडा तपासत चूक शोधली, आणि सापडली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला.

अधिवेशनाची अखेर दुसऱ्या दिवशी होती. ती तशीच उठून काचेच्या दुकानात गेली. पहिल्यांदाच. चारी भिंतींना आरसे, आणि त्या सगळ्या आरशांत तिचाच वैतागलेला चेहरा. तो काच कापत होता. तिला बघून कापणारा हात अर्ध्यावर थांबला आणि काच तडकली.

"फाटकावरचा एक आकडा पुन्हा घ्यायचाय. आत्ताच्या आत्ता. उजेड आहे तोवर."

"का? काय झालं?"

"चुकला."

"यंत्र तापलं असेल. चूक माझीच, छत्री मी..."

"यंत्र नाही चुकलं. मी चुकले." तिने आरशांपासून तोंड फिरवायचा प्रयत्न केला, पण जिकडे वळावं तिकडे आरसा. "दुर्बिणीला डोळा होता, लक्ष नव्हतं माझं त्या वेळी. आकडा मागच्या खिळ्याचाच लिहिला. पुन्हा तोच. शाळकरी चूक. झालं? कळलं? आता चल!"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते चारी भिंतींवर दिसलं आणि तिला ते बघवेना.

"हसू नकोस. अजून आत्यांना सांगितलेलं नाहीस."

"सांगतो. नकाशा गेला की लगेच..."

नकाशा गेला. साहेबांनी तो उलटासुलटा केला, भिंग लावलं, फेरी तपासली, पण बोट ठेवायला जागा सापडली नाही. "वेळेत झालं म्हणायचं," ते आंबट तोंडाने म्हणाले. ठराव मताला आला आणि मंजूर झाला. पलीकडच्या भागाला शहर म्हणायचं, असं ठरलं. त्या संध्याकाळी फाटकाजवळून जाताना तिला पलीकडचे लोक रस्त्यावर नाचताना दिसले. ती थांबली नाही.

आणि त्याने सांगितलं? छे! एक दिवस गेला, दुसरा गेला. आज आत्या फार खूश आहेत, आज पाहुणे आहेत, आज आत्यांचा रक्तदाब... काठीकाका निरोप आणायचे आणि तिचा चेहरा बघून घाईघाईने परत जायचे.

"वहिनी, मी हात टेकले," ती म्हणाली. "याला शहर मिळवता येतं, पण एक वाक्य बोलता येत नाही." आणि ती रडली. अगदी खरी रडली, उशीत तोंड खुपसून. वहिनी तिच्या केसांतून हात फिरवत बसली.

नव्या शहराचा आनंदसोहळा मैदानाजवळच्या सभागृहात होता. नकाशाची अधिकृत प्रत तिथे नेऊन द्यायची होती, आणि साहेबांनी खवचटपणे ते काम तिलाच दिलं. ती गुंडाळी काखेत मारून दाराशी उभी राहिली. सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर आत्या बोलत होत्या. काचवाला एका कडेला, माइकची वायर सोडवत.

"...आणि शहराच्या मोजणीबाईंचेही आभार," आत्या म्हणाल्या. "त्यांनी आमचा जीव टांगणीला लावला. मुद्दाम लावला की कसा, त्यांचं त्यांना ठाऊक! पण नकाशा दिला बिचारीने."

सभागृह हसलं. तिचे कान तापले. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो वायरच सोडवत होता. बस्स, ती मनात म्हणाली. गुंडाळी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आणि वळली.

"हरकती माझ्या होत्या!"

माइकमधून आवाज एवढा मोठा आला की तोही दचकला. आत्यांच्या हातातून माइक त्याने नुसता घेतला नव्हता, ओढला होता.

"सगळ्या. लाँड्रीची, मैदानाची, झाडाच्या सावलीची... सगळ्या मी घेतल्या. आत्या, तुला मी खोटं सांगितलं. यांनी एकही हरकत घेतली नाही. उलट यांनीच मला दामटून काम पुरं केलं. शहराच्या असून. मी तर... मी आपलं शहर बुडवलंच होतं."

आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अरे पण... कशाला?"

नुसती हनुवटी उचलून त्याने दाराकडे दाखवलं. सगळ्या माना वळल्या.

"ये इकडे," आत्या म्हणाल्या. ती गेली. "हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी तुला भर रस्त्यात बोलले, तेव्हा तोंड मिटून ऐकून घेतलंस. का?"

माइक त्याच्या हातात होता, आणि चालू होता.

"कारण... हा मला आवडतो," ती म्हणाली. "आणि याचा मला इतका, इतका राग येतो, की काय सांगू!"

आत्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर संताप होता, पण तो हळूहळू कुठे जावं ते न कळून घुटमळायला लागला. "माझा भाचा असूनही सांगते, राग बरोबर आहे तुझा. मी जन्मापासून सहन करतेय. तुला मी तोंडाला येईल ते बोलले, ते विसर. नाही विसरलीस तरी चालेल. आता कधी येतेस आमच्यात राहायला?"

"मला येता येणार नाही. शहराच्या नोकरीत असताना हद्दीबाहेर राहता येत नाही. आणि नोकरी मी सोडणार नाही."

"मग मी जातो तिकडे," काचवाला म्हणाला. "दुकान इथेच ठेवीन. राहायला फक्त..."

"काय?" आत्या किंचाळल्या. "पंधरा वर्षं मरमर मरून शहर वेगळं केलं, आणि पहिला माणूस माझ्याच घरातला निघाला सोडून?"

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. समितीतले काका म्हणाले, जाऊ देऊ नका, वाईट पायंडा पडेल. लाँड्रीवाला म्हणाला, माझ्या दुकानावरची खोली घ्या, अर्धी इकडे अर्धी तिकडे आहे. मागून आजोबा काहीतरी ओरडले आणि आजींनी त्यांना गप्प केलं. लग्न कुठल्या शहरात, कर कुठे, पोरं जन्मतील ती कुणाची, इथपर्यंत गाडी गेली. काचवाला प्रत्येकाला माइकवरून उत्तर देत होता. तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"थांबा!" ती ओरडली. "सगळे थांबा! याने मला अजून विचारलेलंच नाही!"

आत्यांनी भाच्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "विचारलं नाहीस? मूर्खा!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. मघाचं सगळं बोलकेपण पार आटलं होतं. कान लाल झाले होते आणि माइक अजून हातातच होता.

"तू... माझ्याशी... म्हणजे, हरकत नसेल तर..."

तिने मुद्दाम वेळ लावला. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एखाद्या कामात मुद्दाम वेळ लावला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं, आत्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, आणि तो बिचारा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "पण तो माइक बंद कर आधी."